12 वर्षांची की 18 वर्षांची? व्हिस्की शिकू पाहणाऱ्याला एका आसवनीवाल्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: "वय 31. आजवर मित्रांच्या नादानं कोलामध्ये घालून पीत आलो. आता जरा समजून घ्यावंसं वाटतंय. सिंगल माल्ट म्हणजे नेमकं काय? 12 वर्षांपेक्षा 18 वर्षांची चांगलीच असते का? आपल्याकडची व्हिस्की खरी व्हिस्कीच नव्हे म्हणतात, त्यात तथ्य आहे का? आणि पाणी घातलं तर पाप लागतं का?"

शेवटचं आधी. पाप लागत नाही. ब्लेंडिंगच्या टेबलावर बसणारी माणसं सकाळपासून पाणी घातलेलेच नमुने हुंगत असतात. स्पिरिट साधारण 20 टक्के अल्कोहोलवर आणायचं आणि मग नाक लावायचं, अशी रीतच आहे. "खरा माणूस नीटच (म्हणजे पाण्याशिवायच) पितो" हे बारमधल्या टेबलावर तयार झालेलं शास्त्र आहे, आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, ते कुणी मानत नाही.

आता माझ्याबद्दल एवढंच, की मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोलचं तंत्र शिकलो, सुरुवातीची वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीच्या वासात काढली आणि नंतर माल्टकडे वळलो. दोन्हीकडचं पाणी प्यायलो असल्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मला जरा जास्तच बोलायचं आहे. पण क्रमानं जाऊ.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, व्हिस्कीत बहुधा सातू, म्हणजे बार्ली. तुमच्या घरी कधी बाळासाठी नाचणीचं सत्त्व केलं असेल, तर निम्मी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड येताना दाण्यात विकरं जागी होतात आणि पिठूळ स्टार्चची साखर करायच्या तयारीला लागतात. म्हणून मोड आलेल्या नाचणीची पेज पातळ राहते आणि बाळाला पचते. सातूचं तेच. दोन-तीन दिवस भिजवून दाण्यातलं पाणी 45 टक्क्यांच्या आसपास नेतात, पाच-सहा दिवस मोड येऊ देतात आणि मोडानं सगळा स्टार्च खाऊन टाकायच्या आत गरम हवेनं वाळवून त्याला थांबवतात. त्या भट्टीत पीट जाळलं, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत पडलेल्या वनस्पतींची वाळवलेली वीट, तर धुराचा वास दाण्याला चिकटतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या व्हिस्कीला टिंक्चर आयोडीनचा आणि दवाखान्यातल्या पट्टीचा वास येतो तो इथला. पीटच्या जागी फक्त गरम हवा असेल तर धूर नाही. म्हणजे "स्कॉच धुरकट असते" हे सरसकट खरं नाही. बहुतेक स्कॉच धुरकट नसते.

मग माल्ट भरडायचं, 63-65 अंशांच्या गरम पाण्यात कालवायचं, गोड पाणी काढून घ्यायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. दोन ते चार दिवसांत 8-9 टक्क्यांचा वॉश तयार होतो. हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, न घातलेली बिअरच म्हणा. आंबवण लांबवलं तर वासात फळं येतात, घाई केली तर धान्य आणि सुका मेवा पुढे येतो. याच्यावर लोक फारसं बोलत नाहीत. बोलायला हवं.

पुढचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

आपल्या भाषेत "पहिल्या धारेची" हा कौतुकाचा शब्द आहे. हातभट्टीवर पहिली धार सगळ्यात कडक, म्हणून ती मानाची. माल्टच्या आसवनीत मात्र पहिली धार कोणी घेत नाही. वॉश तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत, एकदा उकळून 20-25 टक्क्यांचा कच्चा द्रव मिळतो. तो दुसऱ्या स्टिलमध्ये घातला की आधी हेड्स येतात: नेलपॉलिश रिमूव्हरसारखा, नाकाला झोंबणारा वास. ते वेगळे काढतात. मग येतो हार्ट, साधारण सत्तर टक्के अल्कोहोलच्या अलीकडे-पलीकडे सुरू होणारा, स्वच्छ, फळांचा. हाच पिंपात जातो. मग टेल्स: ओला पुठ्ठा, चामडं, पावसाळ्यात न वाळलेले मोजे. तेही बाजूला. हेड्स आणि टेल्स फेकत नाहीत, पुढच्या खेपेत परत उकळायला घालतात. कुठे सोडायचं, कुठे घ्यायचं आणि कुठे थांबायचं याला आम्ही कट म्हणतो. व्हिस्कीचा स्वभाव इथे ठरतो. गंमत अशी, की पीटच्या धुराचे घटक उशिरा येतात. म्हणून धुरकट व्हिस्की करणाऱ्याला टेल्सच्या अगदी दारापर्यंत जावं लागतं आणि आत पाय टाकायच्या आधी परत फिरावं लागतं.

माल्टमध्ये आलो त्या दुसऱ्याच महिन्यात, रात्रपाळीला, मी कट उशिरा घेतला. मीटरवरचा आकडा बरोबर होता, मी आकड्यावर विसंबलो. आमचे शिफ्टचे वरिष्ठ आले, काही बोलले नाहीत. माझ्या तळहातावर दोन थेंब टाकले, हात चोळायला लावले आणि म्हणाले, "आता घरी जाईपर्यंत हुंगत राहा." अल्कोहोल उडून गेलं आणि मागे जे राहिलं ते सकाळपर्यंत हाताला होतं. अजूनही नवीन मुलांना मी हेच करायला लावतो. तुम्हीही करून पाहा: बारमधल्या कुठल्याही व्हिस्कीचे दोन थेंब तळव्यावर चोळा. उडून गेल्यावर धान्याचा वास राहिला तर बरं आहे. नुसता व्हॅनिला इसेन्स राहिला तर काय समजायचं ते समजा.

जाता जाता एक गैरसमज. विषारी दारूनं माणसं मरतात ती पहिली धार न सोडल्यामुळे, असं बरेच जण सांगतात. धान्याच्या वॉशमध्ये मुळात मिथेनॉल अगदी कमी असतं, कारण ते फळांच्या सालीतल्या पेक्टिनपासून होतं. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराच्या वर माणसं गेली, ती दारू म्हणून औद्योगिक मिथेनॉल विकलं गेल्यामुळे. चुकीच्या कटनं दारू वाईट होते. माणसं मारायला भेसळ लागते.

गोव्यात मार्च ते मे दरम्यान गेलात तर हे सगळं एका दिवसात समजेल. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीत एकदा उकळला की उर्राक, आणि उर्राकात रस मिसळून परत उकळलं की फेणी. आमच्या पहिल्या आणि दुसऱ्या स्टिलचंच हे घरगुती रूप. फरक असा, की फेणीला लाकडात ठेवायची सक्ती नाही, आणि व्हिस्की लाकडाशिवाय व्हिस्की होत नाही.

स्टिलमधून निघालेला हार्ट पाण्यासारखा पांढरा असतो. रंग सगळा पिंपाचा, किंवा कारमेलचा. स्कॉच नियमांनी पाणी आणि साधं कारमेल एवढंच घालायला मुभा आहे. त्यामुळे गडद रंग बघून भुलू नका.

बूर्बन नावाच्या अमेरिकी व्हिस्कीचा कायदा सांगतो, की धान्यात निदान 51 टक्के मका हवा आणि ओकचं पिंप नवं कोरं, आतून जाळलेलं हवं. म्हणजे एकदा वापरलेलं पिंप त्यांच्या कामाचं उरत नाही. ती पिंपं, साधारण 200 लिटरची, स्कॉटलंडपासून गोव्यापर्यंत सगळे विकत घेतात. जगातल्या बऱ्याच सिंगल माल्टचा वास अमेरिकेतल्या एका कायद्यानं ठरवला आहे, तो असा. दुसरी जात शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपांची: मनुका, खारीक, काळा केक. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाचं एक संयुग असतं, त्याचा वास थेट सुक्या खोबऱ्याचा. ओकमध्ये युजेनॉलही असतं, आणि लवंगेला लवंगेचा वास देणारं तेच. त्यामुळे "मला यात लवंग लागतेय" म्हणणारा मराठी माणूस कल्पना लढवत नसतो. तो रसायन वाचत असतो.

आता 12 की 18.

पिंपातून दर वर्षी काही स्पिरिट उडून जातं. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो साधारण 2 टक्के. गोव्यात, बंगळुरूत 8 पासून 12 टक्क्यांपर्यंत. हिशोब मांडा: 200 लिटरच्या पिंपात स्कॉटलंडमध्ये 12 वर्षांनी 157 लिटर उरतं. दरसाल 10 टक्के धरले तर आपल्याकडे 5 वर्षांतच 118 वर येतो, आणि 12 वर्षांनी हातात 56 लिटर. बंगळुरूच्या अमृत आसवनीनं आपल्या 8 वर्षांच्या माल्टचं नाव "ग्रीडी एंजल्स", म्हणजे हावरे देवदूत, ठेवलं ते उगाच नाही. गोव्यात कुंकळ्ळीला असलेल्या पॉल जॉन आसवनीच्या किंवा अमृतच्या बऱ्याच बाटल्यांवर वय लिहिलेलंच नसतं, त्याचं कारण हे. 5-6 हा आकडा 12 च्या शेजारी फळीवर बिचारा दिसतो.

यावरून काही विक्रेते सांगतात, की गोव्यातलं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडमधली तीन. हे मला पटत नाही. उष्णतेनं लाकडातला रस झपाट्यानं उतरतो हे खरं. पण पिंपात हळूहळू हवा शिरून कच्चेपणा जो मुरतो, त्याला त्याच पटीत घाई होत नाही. लोणचं उन्हात ठेवलं तर खार लवकर सुटतो, फोडी मुरायचा वेळ तेवढ्याच पटीत कमी होतो असं नाही. आपल्याकडचं माल्ट म्हणजे घाईनं म्हातारी केलेली स्कॉच नव्हे, ती वेगळी चीज आहे: जाड, मसालेदार, लाकडाला घट्ट. आणि उलटही होतं. पिंपात फार दिवस राहिलेली व्हिस्की जास्त उकळलेल्या चहासारखी तुरट होते. 25 वर्षांच्या काही महागड्या स्कॉच चाखून मला पेन्सिल चघळल्यासारखं वाटलं आहे. 18 वर्षांचीला दाम जास्त पडतो कारण ती कमी उरते आणि पैसा 18 वर्षं अडकून पडतो. ती अधिक चांगली लागेलच असं नाही. आणि ब्लेंडवरचा आकडा त्यातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो, सरासरीचा नाही.

वर्गवारी चटकन उरकतो, कारण ती पाठ करायची गोष्ट आहे. स्कॉचचे नियम 2009 चे. किमान 3 वर्षं, 700 लिटरच्या आतल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, आणि बाटलीत किमान 40 टक्के. सिंगल माल्ट म्हणजे एकाच आसवनीतलं, फक्त सातूच्या माल्टचं, पॉट स्टिलचं. "सिंगल" चा अर्थ एक पिंप नव्हे. शेकडो पिंपं मिसळली तरी आसवनी एक असली की सिंगल. सिंगल ग्रेन म्हणजे एका आसवनीतलं पण गहू-मका वगैरे वापरून, बहुतेक कॉलममधून, म्हणजे उंच खांबासारख्या स्टिलमधून, काढलेलं. ब्लेंडेड माल्ट म्हणजे अनेक आसवन्यांची सिंगल माल्ट एकत्र, ब्लेंडेड ग्रेन तसंच ग्रेनचं. आणि माल्ट अधिक ग्रेन म्हणजे ब्लेंडेड, जी स्कॉचमध्ये सर्वांत जास्त खपते आणि जिला हिणवायचं काही कारण नाही. चांगलं ब्लेंड बांधणं हे सिंगल माल्ट करण्याहून अवघड काम आहे. आयरिश पॉट स्टिलमध्ये मोड आलेला आणि न आलेला असे दोन्ही सातू असतात, त्यामुळे जिभेवर एक तेलकट मऊपणा येतो. नवख्याला तो फार आवडतो.

आता आपल्या देशी व्हिस्कीबद्दल. यात तथ्य आहे, पण अर्धंच. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा पाया माल्ट नसून ईएनए असतो, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल: 96 टक्क्यांच्या पुढचं, वास-चव जवळजवळ नसलेलं स्पिरिट. ते मळीपासून किंवा तुकडा तांदूळ, मका यांपासून काढतात. त्यात थोडं माल्ट, कधी आयात केलेली स्कॉच, वास, रंग. युरोपात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणू देत नाहीत, ते त्यांच्या नियमांनुसार रमच्या घरातलं. आपल्या नियमांत ते चालतं. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढलेलं स्पिरिट कुठे जातं हे मला माहीत होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. उसाच्या मळीपासून काढलेलं स्वच्छ स्पिरिट आहे ते. आक्षेप नावाला असेल तर मान्य. पण लेबल वाचून घ्या: "ग्रेन स्पिरिट" असं लिहिलं असेल तर धान्याचं. काहीच लिहिलं नसेल तर मळीचं असू शकतं. "माल्ट व्हिस्की" आणि "सिंगल माल्ट" ही गोष्ट संपूर्ण वेगळी. अमृतनं 2004 मध्ये आपलं सिंगल माल्ट आधी ग्लासगोला नेलं, म्हणजे परीक्षा परीक्षकाच्या घरीच दिली. आता रामपूर, इंद्री, पॉल जॉन ही नावं जगभरच्या दुकानांत दिसतात. ती बाटली कोणत्याही कसोटीनं खरी व्हिस्की आहे.

लेबलवर 42.8 टक्के हा विचित्र आकडा तुम्ही पाहिला असेल. तो ब्रिटिशांचा वारसा. त्यांच्या जुन्या मापात सुमारे 57.1 टक्के म्हणजे 100 प्रूफ. त्याहून 25 अंश खाली, म्हणजे 75 प्रूफ, की झाले 42.8. काही बाटल्यांवर अजून "25 यू.पी." छापतात ते हेच, यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ. ब्रिटननं ते माप सोडलं, आपण जपलं.

पिण्याबद्दल.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा, बस. तो नसेल तर वाईनचा लहान ग्लास चालेल. 30 मिली ओता. वाईनसारखं गरगरा फिरवू नका, अल्कोहोल उसळून नाक बधिर होतं. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. एक छोटा घोट जिभेवर फिरवा, गिळा, थांबा. मग चमचाभर पाणी. धुरकट व्हिस्कीत पाण्यानं वास उघडतो याचं एक स्पष्टीकरण 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं: धुराचा वास देणारा ग्वायकॉलचा रेणू अल्कोहोल फार असलं की द्रवात दडून राहतो, पाणी मिसळलं की पृष्ठभागावर येतो. फक्त पाणी बोअरवेलचं किंवा क्लोरीनचं नको. मुंबईच्या मे महिन्यात बर्फ घालायचा असेल तर खुशाल घाला, पण आधी एक घोट बर्फाशिवाय घ्या. बर्फानं व्हिस्की गढूळ झाली तर घाबरू नका. ती थंडगार करून गाळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो चांगला आहे. सोडाही चालतो. 18 वर्षांच्या माल्टमध्ये नको इतकंच, आणि तेही पैशांसाठी.

चकण्यात मसाला शेंगदाणे आणि शेजवान काही नको. तिखटानं जीभ गेली की सगळ्या व्हिस्की सारख्या. खारे काजू, साधं चीज, धुरकटीबरोबर भाजलेला सुका बोंबील. शेवटचं माझं वेड आहे, घरच्यांना विचारूनच करा.

एका बैठकीत तीनच नमुने, प्रत्येकी 15-20 मिली. नावं झाकून ठेवली तर उत्तम. माझ्या मते क्रम असा: एक बूर्बन, एक आयरिश पॉट स्टिल, मग स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातलं धुराशिवायचं माल्ट. पुढच्या वेळी पॉल जॉनची ब्रिलियन्स आणि बोल्ड शेजारी शेजारी ठेवा. पहिलीत पीट नाही, दुसरीत आहे, आसवनी तीच. पीट म्हणजे काय हे त्या दोन ग्लासांत कळेल. आयला सगळ्यात शेवटी. वही ठेवा आणि मराठीत लिहा. इंग्रजी परीक्षणांत हेदरची फुलं आणि गूजबेरी असतात, त्या तुम्ही कधी हुंगलेल्या नाहीत. चिक्कीचा गूळ, कैरीची साल, जायफळ, कात, बासुंदीची खरपुडी, पहिल्या पावसानंतरचा पत्रा हे तुमच्या नाकात आधीच आहेत, तेच वापरा.

आणि थांबायचं कुठे तेही शिका. आम्ही कामावर दिवसाला कितीतरी नमुने तोंडात घेतो आणि थुंकतो. जे थुंकायला शिकले नाहीत असे दोन सहकारी यकृताच्या आजारानं गेले. 15 मिलीतही सगळं कळतं. महाराष्ट्रात व्हिस्कीला वय 25 पूर्ण लागतं आणि परवानाही, तुमचं 31 आहे म्हणून एवढं मोकळं बोललो.

राहता राहिली कपाटातली ती बाटली. तुमच्याकडे नसली तर काकांकडे असेल: दुबईहून आणलेली 12 वर्षांची, "आता 22 ची झाली" म्हणून जपून ठेवलेली. काचेत व्हिस्कीचं वय वाढत नाही, ते पिंपात वाढतं. ती अजूनही 12 चीच आहे. आडवी ठेवली असेल तर आधी उभी करा, वाईनचा नियम इथे उलटा. मग उघडा. बूच इतकं जुनं झालं की बहुधा आतच तुटतं, चहाच्या गाळणीत स्वच्छ मलमल घालून गाळून घ्या.